मेलिंका रिटायर होईपर्यंत

लोकांच्या लग्नात सासू आडवी येते, पैसा आडवा येतो, फार तर एखादी जुनी मैत्रीण आडवी येते. एर्सिलिया मार्दोनेसच्या लग्नात आरमाराचं एक अख्खं जहाज आडवं आलं. आणि आलं ते आलं, हलायचं नावच घेईना!

चिलीतल्या ताल्काहुआनो बंदराच्या धक्क्यामागे एर्सिलियाची खाणावळ होती. चार बाकं, एक भलीमोठी कढई, आणि त्या कढईत दिवसभर शिंपल्यांच्या करंज्या टम्म फुगत असायच्या. गिऱ्हाईक म्हणजे सगळे आरमारातले पेन्शनर. आमच्या बंदरात नवख्या माणसाला गाव आणि घराणं कुणी विचारत नाही. "कुठल्या जहाजावर होतास?" एवढंच विचारतात आणि त्यावरून त्याचं बाक ठरतं. तोफांच्या जहाजांवरचे पुढे, कढईच्या उबेला. तेल, पाणी आणि बटाटे वाहणाऱ्या जहाजांवरचे मागे, दारातल्या वाऱ्यात. आता हे तोफांवाले कुणाशी लढले म्हणाल, तर कुणाशीच नाही. त्यांच्या तोफांनी उभ्या जन्मात सलाम्याच दिल्या. पण तोरा असा, की काल संध्याकाळी शत्रूचं आरमार बुडवलं आणि येताना वाटेत करंजी खायला थांबले.

पुढच्या बाकाचा म्होरक्या नोलास्को. 'सेंतेया' या विनाशिकेवरचा तोफची. सेंतेया कुणाकडून विकत घेतली, तिचा बॉयलर कधी बदलला, कुठल्या खडकाला ती घासली आणि तो खडकच कसा फुटला, हे तो रोज नव्याने सांगायचा. मागच्या बाकावर एकटा बसायचा बेलार्मिनो सिफुएन्तेस. 'मेलिंका' या तेलवाहू जहाजावरचा पाववाला. गोल चेहरा, भुवयांत कायम पीठ, आणि बोलणं इतकं हळू की करंजी मागितली की पाणी मागितलं ते कळायचं नाही. हा एर्सिलियाचा वाग्दत्त वर. वाग्दत्त कधीपासून? तर नोलास्कोच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून!

घडलं होतं ते असं. एर्सिलिया तेव्हा पंचविशीत होती आणि लग्नाची तारीख ठरली होती. मेलिंका दक्षिणेकडून परत येताना पेनासच्या आखातात वादळात सापडली. आखाताचं नावच यातनांचं, तिथे काय विचारता! भट्टी विझली, पिठाची पोती तरंगायला लागली, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या बेलार्मिनोने भट्टीवरच्या कार्मेनमातेच्या तसबिरीला मिठी मारली. "माते, हे जहाज सुखरूप घरी ने. मेलिंका नोकरीत आहे तोवर मी बोहल्यावर चढणार नाही. आधी ती रिटायर होईल, मग माझं लग्न. शब्द देतो!"

आता यातली चलाखी बघा. मेलिंका तेव्हाच म्हातारी होती. कुठल्याशा मोठ्या देशाच्या आरमाराने वापरून वापरून टाकलेली, आपण विकत घेऊन पुन्हा रंगवलेली. पुढच्या वर्षी ती भंगारात जाणार, हे स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे बेलार्मिनोने देवीला बोलून बोलून काय बोललं, तर एक वर्ष. मरणाच्या दारातसुद्धा गड्याने घासाघीस केली!

"वर्षभराचाच तर प्रश्न आहे," घरी आल्यावर तो एर्सिलियाला म्हणाला. चांगला खुशीत होता.

"एवढंच ना," ती म्हणाली आणि निवांतपणे लग्नाचा पोशाख शिवायला बसली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. नवस करताना बेलार्मिनो एक गोष्ट विसरला: आमच्या आरमारात जहाज रिटायर होतं ते "आता ही शेवटचीच करंजी" असं म्हणत माणूस खातो, त्या चालीवर.

पहिल्या वेळी सगळं जमलं होतं. चर्चमध्ये लग्नाची घोषणा झाली, केक झाला, निरोपाचं भाषण करायला मोठे साहेब धक्क्यावर आले. तेवढ्यात मेलिंकाच्या जागी आणलेलं नवं कोरं जहाज बंदराच्या तोंडाशीच बंद पडलं. त्याला ओढून आणायला कोण गेलं? मेलिंका. साहेबांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "हिला राहू द्या थोडे दिवस." ते थोडे दिवस दहा वर्षं चालले. केक पेन्शनरांनी खाल्ला. एर्सिलियाने पोशाख पेटीत ठेवला आणि पेटीला अशी लाथ मारली, की आठवडाभर लंगडत करंज्या तळल्या.

दुसऱ्या वेळी तेलाच्या टाक्या गंजल्या म्हणून निवृत्ती ठरली. मग कुणा हुशार अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं, तेल नाही तर नाही, पाणी तर राहील! टाक्या घासल्या आणि मेलिंका निघाली दक्षिणेच्या बेटांना पाणी पाजायला. पुढे तिला लाल रंग फासून बर्फातल्या तळांना सामान पोचवायला पाठवलं. नोलास्कोच्या सेंतेयाला मात्र या काळात खरंच निरोप मिळाला. तिला खोल समुद्रात नेऊन तोफांच्या सरावासाठी निशाणा म्हणून बुडवलं. नोलास्को त्या दिवशी खाणावळीत आला आणि काही न मागता बसून राहिला. एर्सिलियाने त्याच्यापुढे कोंगर माशाचं कालवण ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत. बेलार्मिनो मागच्या बाकावरून उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्या दिवसापासून दोघं एकाच बाकावर.

"माझी लढाऊ गेली बघ, आणि तुझी ही पखालवाली जित्ती!" नोलास्को म्हणायचा. "एर्सिलिया, अजून विचार कर. माझा काही नवसबिवस नाही. उद्या म्हणशील तर उद्या."

"तुझं तोंड बघितलंस का आरशात? उद्या म्हणे! करंजी खा, गार होतेय."

"अगं, पण हा तुला आणखी किती ताटकळत ठेवणार?"

"याला विचार. नाहीतर त्या मेलीला विचार. मरणसुद्धा येत नाही मेलीला!"

हे ती मेलिंकाला म्हणायची. बंदरात असलं की खिडकीतून जहाज दिसायचं, आणि एर्सिलिया झारा उगारून त्याला रोज सकाळी दोन शिव्या द्यायची. सवत म्हणजे काय ते तिला त्या लोखंडाने शिकवलं.

"नवस सोडून दे ना," असं बेलार्मिनोला कुणी म्हणालं नसेल का? सगळं गाव म्हणालं. पण आमच्याकडे नवस बुडवायचा नसतो. ज्याने बुडवला त्याची होडी बुडली, जो विसरला त्याचा हात गेला, अशा गोष्टी आम्ही अंगाईसारख्या ऐकत वाढलो. बेलार्मिनो तर मुलखाचा भित्रा. तो स्वतः आरमारातून पेन्शनीत निघाला, तरी मेलिंका बंदरात असली की रोज पहाटे तिच्यावर जाऊन भट्टी पेटवायचा. "तिला सोडलं आणि तिला काही झालं तर?" यातली 'ती' म्हणजे जहाज की देवी, हे एर्सिलियाने कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची तिला भीती वाटायची. तो आपल्यापेक्षा त्या जहाजाला जास्त जीव लावतो की काय, हा काटा तिला आतून टोचायचा, आणि कढईसमोर घाम पुसता पुसता ती डोळेही पुसून घ्यायची.

तिसऱ्या वेळी मेलिंकालाही तोफांचा निशाणाच करायचं ठरलं. आतलं सगळं सामान काढून तिला लांब नांगरून ठेवलं, आणि त्याच आठवड्यात भूकंप झाला. मागून समुद्र आला. आमच्या रस्त्यांवर होड्या येऊन पडल्या, दुकानात मासे आणि शाळेत नांगर! धक्क्याला बांधलेली चकचकीत जहाजं एकमेकांवर आपटली. लांब एकटी पडलेली मेलिंका लाटेवर वर गेली आणि खाली आली. दुसऱ्या दिवशी आरमाराला पाण्याच्या टाक्या आठवल्या. बेलार्मिनोने भट्टी पुन्हा बसवली आणि अख्ख्या गावाला पाव दिला. खाणावळ वाहून गेली होती. एर्सिलिया जहाजाच्या शिडीपाशी उभी राहून पाव वाटत होती. त्या दिवसांत तिने मेलिंकाला एकही शिवी दिली नाही. उलट एकदा, कुणी बघत नाहीसं पाहून, तिने त्या गंजक्या लोखंडावर दोन थापट्या मारल्या.

खाणावळ पुन्हा उभी राहिली, कढई पुन्हा चढली, शिव्याही पुन्हा सुरू झाल्या. आणि मग चौथी बातमी आली. या खेपेला पक्की. मेलिंका नक्की जाणार! साठीला टेकलेल्या एर्सिलियाने पेटीतून पोशाख काढला, कंबरेला चांगलं वीतभर नवं कापड जोडलं, आणि दुपारभर आरशासमोर गिरक्या घेतल्या. गिऱ्हाइकं ओरडत होती, करंज्या जळत होत्या, आणि बाई आतून म्हणत होत्या, "जळू देत!"

समारंभाला आठवडा उरला असताना नोलास्को धापा टाकत आला.

"एर्सिलिया, आधी बस. तो झारा खाली ठेव."

"मेलं कोण?"

"कुणी नाही. तीच तर पंचाईत आहे. मेलिंका भंगारात जात नाहीये. उरुग्वेच्या आरमाराला देऊन टाकतायत. त्याच डेकवर आपला झेंडा उतरणार, त्यांचा चढणार, आणि ती तिकडे नोकरीला लागणार."

एर्सिलियाने झारा खाली ठेवला नाही. तो हातात तसाच घेऊन ती खिडकीशी गेली. आता ही बाई रडते की ओरडते, म्हणून सगळ्या खाणावळीने माना वळवल्या. बाई हसायला लागली. आधी खुदखुद, मग खदाखदा, मग भिंतीला धरून. "अगं सटवे! अगं भवाने! दुसरा नवरा केलास की गं! माझा अजून पहिला होईना!" तिचं हसू बघून नोलास्को हसला, बाकं हसली, आणि शेवटी मागे येऊन उभा राहिलेला बेलार्मिनोही हसला. हसता हसता त्याचे डोळे मात्र खिडकीतून दिसणाऱ्या जहाजावर खिळले होते. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

एप्रनसकट ती तडक गेली ती तळावरच्या पाद्री अन्सेल्मोंकडे.

"फादर, आपला झेंडा खाली आला, की ती आपल्या नोकरीतून सुटली ना?"

"सुटली."

"आणि त्यांचा झेंडा वर टेकेपर्यंत त्यांच्या नोकरीत लागली नाही?"

"नाही."

"मग मधल्या वेळात ती कुणाची?"

पाद्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कुणाचीच नाही, पोरी."

"म्हणजे तेवढ्या वेळापुरती रिटायर!"

"एर्सिलिया, तो वेळ म्हणजे एक राष्ट्रगीत."

"तुमची प्रार्थना किती भरभर म्हणता येते तुम्हाला?"

"माझ्याइतकी भरभर या किनाऱ्यावर कुणी म्हणत नाही," पाद्री म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा अभिमानच होता. "लग्नाची घोषणाही तुमची आधीच होऊन बसलीये, तीन तीनदा."

राहिले उरुग्वेवाले. त्यांचा कमांडर बेरुती काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात 'माते' नावाच्या त्यांच्याकडच्या कडू चहाचा पेला घेऊन धक्क्यावर हिंडायचा. सलाम करताना थर्मास काखेतच राहायचा. एर्सिलियाने परातभर करंज्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि सगळी कर्मकथा सांगितली. त्याने एक करंजी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीच्या वेळी त्याला ठसका लागला, कारण तो हसत होता.

"बाई, आमचं राष्ट्रगीत लांब, म्हणून फुटबॉलच्या मैदानावर सगळं जग जांभया देतं. अजून लांबवा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या भेटलात!"

"लांबवाल ना भाऊ?"

"नुसतं लांबवतो? सगळी कडवी वाजवतो. माझ्या आजोबांनीसुद्धा ऐकली नसतील अशी कडवी वाजवतो. आणि झेंडा ओढायला आमचा सगळ्यांत आळशी माणूस उभा करतो."

बेलार्मिनोला हे सांगितलं तेव्हा तो जमिनीवर बसलाच. "एर्सिलिया, तू वकील व्हायला हवी होतीस गं!"

"तू फक्त 'हो' म्हण. एक शब्द आहे. मोठ्याने म्हण. बाकी सगळं मी बघते."

समारंभाला गाव लोटलं. ऊन लख्ख, वारा भन्नाट, बायकांच्या टोप्या उडतायत, समुद्रपक्षी टोप्यांच्या मागे, पोरं पक्ष्यांच्या मागे. डेकवर एकीकडे आपले साहेब रांगेत, दुसरीकडे उरुग्वेवाले, आणि मधोमध पांढरा पोशाख घातलेली एर्सिलिया. तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करण्याची साहेब लोकांची जी धांदल उडाली होती, ती बघण्यासारखी होती. नोलास्को साक्षीदार. सेंतेयाची जुनी टोपी त्याने डोक्यावर चढवली होती, तीही तिरकी.

आपलं राष्ट्रगीत वाजलं. झेंडा उतरला. बेलार्मिनोच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तो तिथे होता. घडी घालून साहेबांच्या हातात दिला गेला, आणि बेरुतीने बँडला खूण केली.

पाद्री सुटले! काय सुटले! लॅटिन, स्पॅनिश, मधेच एक शिंक, सगळं एका दमात. बँडची नुसती प्रस्तावनाच चालू होती, तोवर पाद्री अर्ध्यावर आले. तो आळशी खलाशी दोरी अशी ओढत होता, की बोट बोट झेंडा सरकतोय. धक्क्यावर लोक ओरडत होते, "हळू! अरे हळू!" उरुग्वेचे खलाशी छाती फुगवून राष्ट्रगीत गात होते आणि गाता गाता नवरीला डोळे मिचकावत होते. एर्सिलियाला गरगरल्यासारखं झालं होतं. आनंदाने, वाऱ्याने, सकाळपासून काही न खाल्ल्याने.

"एर्सिलिया, तुला हा पुरुष नवरा म्हणून..."

"हो हो हो! पुढे चला!"

"बेलार्मिनो, तुला ही स्त्री पत्नी म्हणून मान्य आहे?"

आणि नेमकं तेव्हा खाली इंजिन सुरू झालं.

डेक थरथरला. बेलार्मिनोच्या तळव्यांतून ती थरथर वर चढलेली एर्सिलियाला दिसली. त्याचा चेहरा आधी उजळला, मग वाकडा झाला, आणि तो रडायला लागला. तोंड उघडायचा, हुंदका यायचा, तोंड मिटायचा. दुसरं कडवं संपलं. तिसरं संपलं.

"म्हण की रे!" नोलास्को ओरडला.

"बेलार्मिनो, मान्य आहे का?" पाद्री.

बेरुतीने बँडकडे डोळे वटारले. बँडने शेवटची ओळ पुन्हा वाजवली. पुन्हा एकदा वाजवली. आळशी खलाशाच्या हातातली दोरी संपत आली होती, तो बिचारा तिला नुसता कुरवाळत होता. पण दोरी ती दोरी. झेंडा काठीच्या टोकाला टेकला, शिट्टी वाजली, आणि बँड थांबला.

मेलिंका नोकरीला लागली.

एर्सिलियाने बेलार्मिनोकडे पाहिलं. म्हणजे खरंच तो या मेलिंकाचाच होता, असं तिच्या मनात आलं, पण राग आला नाही. तिने आवाज जमेल तितका सरळ ठेवला. "चला, करंज्या गार होतायत," ती म्हणाली आणि शिडीकडे वळली.

"हो!"

एवढा मोठा आवाज बेलार्मिनोच्या गळ्यातून आजवर कुणी ऐकला नव्हता. बँडवाल्याच्या हातातली झांज दचकून वाजली.

"वरातीमागून घोडं!" नोलास्कोने कपाळावर हात मारला. "आता कसलं 'हो'? वर बघ जरा!"

"बघितलं. चढलाय झेंडा. जहाज नोकरीत आहे, मला दिसतंय. तरी हो."

"अरे, आणि नवस?" पाद्रींनाच घाम फुटला.

"मोडला." बेलार्मिनो शहारला, पण थांबला नाही. "फादर, वादळात बुडायला लागलो तेव्हा मी देवीला काय द्यावं, तर हिची वर्षं देऊन टाकली. माझी नव्हे, हिची! मला कुणी अधिकार दिला होता? आणि आज पुन्हा गुपचूप फटीतून पळायचं? नाही. देवीला जे करायचं ते माझं करू दे. एर्सिलिया, मी मूर्ख आहे. मला तू मान्य आहेस. तुला अजून मी मान्य आहे का?"

"मी मघाशी तीनदा सांगितलं," ती म्हणाली. आता तीही रडत होती. "कितीदा सांगू?"

मग काय विचारता! बेरुतीने मेलिंकाचा भोंगा वाजवायला लावला आणि तो बंदच होईना, जुना होता, अडकला. टोप्या आभाळात गेल्या. पाद्रींनी आशीर्वाद दिला तो भोंग्यात कुणाला ऐकू गेला नाही. नोलास्को उरुग्वेच्या आळशी खलाशाला मिठी मारून नाचत होता. हे लग्न चिलीत लागलं की उरुग्वेत, यावर साहेब लोकांत तिथल्या तिथे वाद जुंपला, तो अजून मिटलेला नाही.

दुपारी मेलिंका निघाली. भोंगा तसाच बोंबलत होता. नवरा-नवरी धक्क्याच्या टोकाशी उभी राहिली, जहाज दिसेनासं होईपर्यंत. मग बेलार्मिनोने हळूच आभाळाकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"काही झालं नाही गं अजून," तो कुजबुजला. "देवी रागावली असेल का?"

"रागावेल कशाला? बाईमाणूस आहे ती," एर्सिलिया म्हणाली. "माझ्याइतकीच तीही वाट बघत असणार, हा मेला स्वतःच्या तोंडाने कधी बोलतोय म्हणून."